पॅनेल उन्हात, डबा जिन्यात

नागपुरात मानेवाड्याला माझी दहावीच्या गणिताची शिकवणी आहे. मे महिन्यात संध्याकाळी वादळ सुटलं की लाइन जाते, आणि नेमकी सहा ते आठच्या बॅचलाच जाते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घालून कंटाळले होते, म्हणून मार्चमध्ये ५१२ वॉट-अवरचं पोर्टेबल पॉवर स्टेशन (म्हणजे उचलून नेता येणारा बॅटरीचा डबा) आणि १०० वॉटची दोन घडीची सोलर पॅनेल घेतली.

डबा चांगला आहे. दोन ट्यूबलाइट, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आणि राउटर मिळून ८० वॉटच्या आसपास लागतात. पूर्ण भरलेला असला की पाच तास निघतात.

त्रास झाला तो भरण्यात. सीताबर्डीच्या दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं, "मॅडम, दोन्ही पॅनेल सिरीजमध्ये जोडा, लवकर भरून जाते." घरी येऊन डब्यामागची बारीक अक्षरं वाचली: सोलर इनपुट १२ ते ३० व्होल्ट. पॅनेलच्या पाठीवर ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीच जोडलेलं नसतानाचं व्होल्टेज, २२.५. सिरीजमध्ये, म्हणजे एकाचं प्लस दुसऱ्याच्या मायनसला जोडलं की, दोघांचे होतात ४५! डब्यातला चार्जर पहिल्याच दिवशी जायचा, आणि वॉरंटीवाले हात वर करून मोकळे. पॅरललचा, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस जोडणारा, वाय जोड वेगळा आणला. त्यात व्होल्ट तेवढेच राहतात, अँपिअर वाढतात. प्लस-मायनस मल्टीमीटरनं तपासूनच लावलं. जोडताना-काढताना पॅनेलवर चादर टाकते, कारण ऊन आहे तोवर पॅनेलला बंद करायचं बटण नसतं.

दुसरी फजिती गच्चीवर. डबा पॅनेलच्याच सावलीत ठेवला होता. साडेबाराला बघते तर स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह आणि इनपुट शून्य. चार्जिंगची मर्यादा ४५ अंश, आणि आपल्या स्लॅबवर मे महिन्यात अनवाणी पाय ठेववत नाही. चूक माझीच. आता डबा जिन्याच्या खोलीत स्टुलावर असतो, पंख्याची जाळी भिंतीपासून वीतभर दूर. पण सोबतची वायर इतकी तोकडी आणि दोऱ्यासारखी बारीक, की चार चौरस मिलिमीटरची दहा मीटर वायर पदरचे पैसे घालून घ्यावी लागली. रेटिंगमधला एक स्टार त्याचाच कापलाय.

पॅनेललाही ऊन हवं, ताप नको. २५ अंशांच्या वर दर अंशाला ०.४ टक्क्याच्या आसपास वीज घटते. पॅनेल ६५ अंशांवर गेलं की १६ टक्के गायब. स्लॅबवर पसरली होती तेव्हा १३० वॉट दिसायचे. जुन्या बाजेवर टाकली, खालून वारा लागला, १४५ झाले. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, नागपुरात दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो, त्यामुळे बाज आडवीच बरी. डिसेंबरात मात्र दक्षिणेकडे चांगली उभी कलवावी लागेल. आणि पाण्याच्या टाकीची सावली एका कोपऱ्यावर जरी आली, तरी आकडा धाडकन ९० वर.

परवा सव्वासहाला लाइन गेली. वर्तुळाच्या धड्यात खंड पडला नाही, आठ वाजता स्क्रीनवर ६८ टक्के शिल्लक होते. गच्चीवरची पॅनेल तेवढी बाजेला बांधायची राहिली होती. एक उडून शेजारच्या काकूंच्या कुरडयांवर पडलं. पॅनेलला काही झालं नाही. कुरडयांचं सांगवत नाही.