परवाना की बंदी? खासगी वाघ-सिंहांबाबतचे दोन कायदे

१९६९ साली लंडनच्या हॅरॉड्स दुकानात सिंहाचा छावा विकत मिळत होता. असल्या हौसेला लगाम घालायला ब्रिटनने १९७६ मध्ये कायदा केला, पण सरसकट बंदी घातली नाही. स्थानिक कौन्सिलचा परवाना घ्यायचा, पशुवैद्याकडून पिंजरा तपासून घ्यायचा, कुणाला इजा झाली तर भरपाईसाठी विमा काढायचा. हे सगळं जमत असेल तर वाघ पाळा!

अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे होते. २०११ मध्ये ओहायोतल्या झेन्सव्हिलजवळ एका मालकाने मरण्यापूर्वी पिंजरे उघडले. पोलिसांना १८ वाघांसह डझनावारी प्राणी गोळ्या घालून मारावे लागले. त्यात त्या प्राण्यांचा काय दोष? तरी देशव्यापी कायदा यायला डिसेंबर २०२२ उजाडला. आता वाघ, सिंह, बिबट्या, चित्ता नव्याने पाळता येत नाहीत. ज्यांच्याकडे आधीपासून होते त्यांनी नोंदणी करून ते सांभाळायचे. पैदास आणि विक्री बंद. बछड्याला आईपासून तोडायचं, बाटलीने दूध पाजायचं, पैसे घेऊन लोकांच्या मांडीवर फोटोसाठी द्यायचं आणि जरा मोठा झाला की नवा आणायचा, हा किळसवाणा धंदाही थांबला.

मोठ्या मार्जारांपुरती मला बंदीच योग्य वाटते. पशुवैद्य गज मोजू शकतो, पण परसातलं रान वाघाला पुरेसं कसं करणार? ब्रिटिश यादी मात्र लांबलचक आहे. अस्वलं, मगरी, विषारी सापही तिच्यात येतात. अमेरिकेच्या या नव्या कायद्यात ते नाहीत.