गोचिडावरची स्वस्त शिशी: निम्मी कुत्र्याला, निम्मी कोठ्याला

जागलीवर कुत्रा नसला तर रोही नि रानडुकरं हरभऱ्यात कधी शिरली ते सकाळीच कळतं. पण तोच कुत्रा शेतातल्या कोठ्यात ढोरांजवळ झोपतो, आणि गोचीड तिथूनच त्याच्या अंगावर चढतात. ढोरांच्या औषधांच्या दुकानात यावर बहुधा अमिट्राझ १२.५ टक्क्यांची शिशी मिळते. औषध चांगलं आहे, एका शिशीत ढोरांचंही भागतं. तरी ‘आठ दिवसांत परत गोचीड’ ही तक्रार जिकडेतिकडे ऐकू येते. त्यात दोष शिशीचा कमी, वापरणाऱ्याचा जास्त.

कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड रक्त पिऊन फुगला की खाली पडतो, भिंतीच्या भेगेत शिरतो आणि हजारोंनी अंडी घालतो. पिल्लं निघाली की रक्त प्यायला चढतात, कात टाकायला पुन्हा उतरतात. म्हणजे कुत्र्याच्या अंगावर दिसतात ते थोडेच, बाकीची फौज कोठ्यात. म्हणून ज्या दिवशी कुत्र्याला औषध लावाल त्याच दिवशी त्याचं जुनं पोतं जाळा, भेगा मातीने लिंपून घ्या आणि हेच द्रावण भिंतीच्या बुडाशी नि खुंट्यांजवळ मारा. वाळेपर्यंत ढोरं नि कुत्रा बाहेर. तणनाशकाचा पंप यासाठी घेऊ नका.

प्रमाण लिटरला २ मिली. पंधरा किलोच्या गावठी कुत्र्याला ३ लिटर पाणी, ६ मिली औषध पुरतं. झाकणाने मोजायची सवय वाईट. बिनसुईची सिरिंज घ्या. हातमोजे घालून केसांच्या उलट दिशेने स्पंज फिरवा. बोटांच्या बेचक्या, काखा, शेपटीचं मूळ आणि पट्ट्याखालची जागा हमखास सुटते, गोचीड तिथेच दडतात. डोळे नि तोंड टाळा. नंतर अंग धुवू नका, सावलीत आपोआप वाळू द्या आणि तोवर चाटू देऊ नका. पोटात गेलं तर सुस्ती, ओकारी, झोकांड्या. तसं दिसलं की साबणाने अंग धुऊन थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, नाल्यातही ओतू नका, मासे मरतात.

चार महिन्यांखालचं पिल्लू आणि गाभण कुत्री यांना हे औषध नकोच. तिथे चिमटा बरा: गोचीड कातडीलगत धरून सरळ ओढायचा नि रॉकेलात टाकायचा, बोटाने चिरडायचा नाही. रोज संध्याकाळी असा हात फिरवला तर कुत्राही खुशीत अंग सोडून देतो, आणि कुठे काय दुखतंय तेही कळतं.

पऱ्हाटीवरचं उरलेलं कीटकनाशक कुत्र्याला लावणारेही आहेत. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी दगावले; त्या जातीचं विष केसाळ, स्वतःला चाटणाऱ्या जनावरावर ओतणं म्हणजे त्याला मारणंच.

बारा आठवडे चालणारी चघळायची गोळीही मिळते. महाग आहे, पण कुत्रा घरात पोरांबरोबर लोळत असेल तर तीच घ्यावी. मात्र ताप, पांढरट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसलं तर ना शिशी कामाची ना गोळी. तो गोचीडताप असू शकतो, रक्त तपासून तसं निघालं तर डॉक्टर बहुधा डॉक्सीसायक्लीन देतात, ते साधारण चार आठवडे चालतं, आणि कुत्रा खायला लागला म्हणून मध्येच थांबवायचं नसतं.