बस स्टँडसमोरचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान : साडेतीन स्टार, पण पेनड्राइव्ह सांभाळा

आधी मी कोण ते सांगतो, नाहीतर म्हणाल झेरॉक्सच्या दुकानावर एवढं मोठं कोण लिहिते. मी एका विद्यापीठाच्या देणगी विभागात आहे, म्हणजे जुन्या विद्यार्थ्यांना, कंपन्यांना "विद्यापीठासाठी काहीतरी द्या" अशी पत्रं लिहायची नोकरी. काम बरंचसं घरून, अंजनगाव तालुक्यातल्या गावातून. गाडगेबाबांचं शेंडगाव याच तालुक्यात, त्या माणसानं हातात खराटा आणि खापर घेऊन धर्मशाळा उभ्या केल्या आणि मी कुलरसमोर बसून दोन परिच्छेदाला आठवडा लावतो, असो.

तर आमच्या भागातली मराठी पत्रं मी या दुकानातून छापून घेतो. दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली, दोन कॉम्प्युटर, एक झेरॉक्स मशीन, लग्नपत्रिकांचे नमुने, आणि बाकी सगळी जागा सातबारावाल्यांची. पीकविम्याची शेवटची तारीख जवळ आली की तिकडं फिरकूच नका, सर्व्हर डाऊन असते आणि दुकानदार भाऊचं डोकं त्याहून डाऊन.

पहिली तक्रार फॉन्टची. भाऊ अजून जुन्या फॉन्टमधी टाइप करतात, युनिकोडमधी नेलं की "शेतकऱ्यांच्या"चं "शेतक-यांच्या" होते. पहिल्या खेपेला माझ्या लक्षातच नाही आलं, चारशे पत्रं तशीच गेली, आणि एका रिटायर मास्तरांनी लाल पेनानं गोल करून पत्र परत पाठवलं. देणगी नाही, नुसतं पत्र. तेव्हापासून मी मजकूर मोबाइलवरच टाइप करून नेतो.

आता साडेतीन स्टार कायचे ते सांगतो. भाऊ छापायच्या आधी पत्र वाचतात. ऑफिसात माझं पत्र पाच जण वाचतात पण ते सही करायसाठी, हा माणूस गिऱ्हाइकासारखा वाचते. माझ्या पत्रात पहिल्याच ओळीत 80जी ची, म्हणजे देणगीवर इन्कम टॅक्सात सूट देणाऱ्या कलमाची, करसवलत होती, वरून तसाच आग्रह असते. भाऊ म्हणाले, "हे कास्तकाराले काऊन सांगता भाऊ? शेतीच्या उत्पन्नावर त्याले इन्कम टॅक्सच नाई, सूट कायची घेईन तो?" मी गप्प. बरं नोकरीवाले धरले तरी नव्या कर प्रणालीत 80जी ची सूट मिळतच नाही, आणि 2023-24 पासून तीच डिफॉल्ट आहे. म्हणजे जी गोष्ट मी सगळ्यात वर ठळक अक्षरात देत होतो ती बहुतेकांच्या कामाचीच नव्हती.

दुसरं मार्चचं. 31 मार्चला आर्थिक वर्ष संपते म्हणून देणगीची पत्रं सगळीकडं मार्चमधीच निघतात, आमचीही. भाऊ म्हणे, "मार्चमधी तं सोसायटीचं पीककर्ज भरा लागते, तेव्हा कोण देते देणगी? कापसाचा चुकारा हातात असते तेव्हा पाठवा ना." मग यंदा गावाकडची यादी वेगळी काढली, जानेवारीत पाठवली, करसवलत खाली बारीक अक्षरात टाकली आणि वर फक्त होस्टेलच्या मेसचं लिहिलं. मागच्या मार्चपेक्षा जास्त पावत्या फाटल्या. ऑफिसात श्रेय मला मिळालं, मी घेतलं पण.

यादीही पाहतात ते. पाकिटावर नावं चिकटवता चिकटवता, "हे आबाजी तं पोळ्याच्या आधीच वारले" असं सांगून त्यांनी माझी तीन पाकिटं बाजूला काढली. आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही, गेलेल्या माणसाच्या नावानं पैसे मागणारं पत्र त्याच्या बायकोच्या हातात पडणं. विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरला हे माहीत नव्हतं, झेरॉक्सवाल्याला होतं.

एकदा तर एक म्हातारेबुवा माझं पत्र घेऊन दुकानातच आले, 5000 रुपये कॅश काढून भाऊच्या टेबलावर ठेवले. भाऊनी हातही नाही लावला, मला फोन. 2000 च्या वर कॅश असली तर 80जी चालत नाही हे मी त्या म्हातारेबुवांना समजावून सांगतो तर ते म्हणे, "मले ते ऐंशी जी नको, पोरायले दोन टाइम जेवू घाला." शेवटी नातवाच्या मोबाइलवरून विद्यापीठाच्या खात्यात टाकले, पावती मी घरी नेऊन दिली.

रेट ठीक आहेत. वेळेचं काही सांगता येत नाही, "उद्या या" म्हणजे परवा, आणि लग्नसराईत पुढच्या हप्त्यात. दीड स्टार त्याचा आणि पेनड्राइव्हचा कापला. पेनड्राइव्ह लावला की व्हायरस आलाच समजा, माझे दोन गेले, आता फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवतो. बाजाराच्या दिवशी जाऊ नका, आणि गेलात तर सुट्टे न्या.