दम्याची पुडी: पैसे जातात ते जातात, पण जिवावरही बेततं

नाशिकची थंडी सुरू झाली की दमेकऱ्यांची धाप वाढते आणि त्यांना हेरणारेही बाहेर पडतात. दवाखान्याबाहेरचा रिक्षा स्टॉप, सीबीएस (मध्यवर्ती बस स्थानक), रामकुंडाकडे जाणारा रस्ता, कुठेही गाठतात. नीटनेटक्या कपड्यातला माणूस हातातला पंप (इनहेलर) बघून बोलायला लागतो: ‘आमच्या वडिलांनाही हाच त्रास होता. वैद्यांच्या पुडीने साफ गेला.’ मग चिठ्ठीवर चार-पाच मुळ्यांची नावं लिहून देतो, दुकानही दाखवतो. तो दुकानदाराला सामील असतो.

दुकानात भाव विचारला की नुसतं ‘साठ रुपये’ म्हणतात. तोळ्याचा भाव की ग्रॅमचा, ते सगळं कुटून झाल्यावर कळतं. 60 रुपये ग्रॅमने 200 ग्रॅमचे 12,000 रुपये होतात, आणि कुटलेला माल परत घेत नाहीत. म्हणून भाव, वजन आणि एकूण रक्कम कागदावर लिहून घेतल्याशिवाय काहीही कुटू देऊ नका.

खरी भीती पुढे आहे. अशा बेनामी पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडं मिसळलेली सापडतात. दम्यात श्वासनलिकेला आतून सूज येते. स्टेरॉइड ती झपाट्याने उतरवतं, त्यामुळे दोन-तीन दिवसांत छाती मोकळी होते, भूक लागते, अंगात तरतरी येते. माणूस खूश होऊन शेजाऱ्यांनाही पत्ता देतो. सुंठ-पिंपळीने इतक्या लवकर असा फरक पडत नाही. जुना दमा दोन दिवसांत पळाला, तर संशय तिथेच घ्या. पुढे चेहरा गोल होऊन सुजतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, जरा धक्का लागला तरी कातडीवर निळे डाग पडतात.

विकणारा दोन अटी घालतो. पहिली, ‘पंप बंद करा, सवय लागते.’ ही सर्वांत घातक. पंपातलं औषध उलट फार थोडं असतं. सालब्युटामॉलच्या (श्वासनलिका उघडणाऱ्या औषधाच्या) पंपातून एका दाबाला 100 मायक्रोग्रॅम औषध थेट नळीत जातं. त्याच औषधाच्या गोळीत 2 किंवा 4 मिलिग्रॅम असतं, म्हणजे वीस ते चाळीस पट. दुसरी अट दही, केळी, आंबट बंद. गुण आला नाही की ‘पथ्य मोडलं’ म्हणायची सोय झाली.

अशी पुडी तीन आठवड्यांहून जास्त घेतली असेल तर घाबरून एकदम बंद करू नका. शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरातलं नैसर्गिक स्टेरॉइड, बनवणं कमी केलेलं असतं. एकदम थांबवलं की उलट्या, गळाठा, रक्तदाब पडणं आणि दम्याचा जोराचा झटका येऊ शकतो. उरलेली पुडी घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मात्रा कशी उतरवायची ते तेच ठरवतील.

आयुर्वेदाला आमचा विरोध नाही. बाजारात विकायच्या आयुर्वेदिक औषधावर घटक, परवाना क्रमांक, बॅच आणि उत्पादनाची तारीख छापावी लागते. वैद्य स्वतः औषध बनवून देत असतील तर त्यांचा नोंदणी क्रमांक विचारा. खरा वैद्य चिडत नाही.

घरात आल्याचा रस आणि मध खोकल्याला, घशाला चालतो. एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात नको. वाफेने नाक मोकळं होतं, आवळलेली श्वासनलिका उघडत नाही, आणि पातेलं कलंडून मुलं भाजतात ते वेगळंच. ओव्याची किंवा धोतऱ्याची धुरी दमेकऱ्याला देऊच नका. धुराने नळी आणखी आवळते, आणि धोतरा विषारी आहे.

वाक्य पुरं बोलता येत नसेल, ओठ निळसर पडले असतील किंवा पंपाने उतार पडत नसेल, तर 108 ला फोन करा.

फसला असाल तर पुडी मूळ वेष्टनात ठेवा. चिठ्ठी, पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट आणि दुकानाचा फोटो जपा. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांत द्या. पैशांसाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे. पुडीतला निम्मा भाग तपासणीसाठी राखा, डॉक्टरांना दाखवताना सगळी संपवू नका.