अकाउंटंटकडंच पगाराचं काम दिलं, अनुभव
आमचं कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे. जीएसटी, रिटर्न शाहूपुरीतल्या एका अकाउंट्स ऑफिसकडं होतंच, आता त्यांनी पेरोल पण चालू केलंय म्हटल्यावर तेही त्यांच्याच गळ्यात टाकलं. काम चोख आहे. आपण हजेरी, ओव्हरटाइम आणि उचल किती दिली ते एक्सेलमधी पाठवायचं, ते पगारपत्रक आणि स्लिपा करून देतात, पीएफ आणि ईएसआयची (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) चलनं १५ तारखेच्या आत काढतात. ईएसआयला २१,००० पर्यंतचे पगारवाले बसतात, कामगाराचे ०.७५ टक्के आणि आपले ३.२५, हे पोरांना नीट समजावून पण सांगितलं, नाहीतर दर महिन्याला माझ्या डोक्याशी कटकट की मालक पैसे का कापले. प्रोफेशनल टॅक्स फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० कापतात ते बरोबर धरलं, आणि बायकांना २५,००० पर्यंत माफ आहे हे तर आमच्या आधीच्या माणसाला ठाऊकच नव्हतं, तो आपला सरसकट कापत बसलेला!

आता वाईट पण सांगतो. हजेरी एक दिवस उशिरा गेली की पगार लटकला, आणि ऑफिसातली ती एकच पोरगी हे सगळं बघती, ती रजेवर असली की फोन उचलायला कोण नाही. फी माणशी घेतात, महाग नाही वाटली. बोनसच्या हिशोबाचे मात्र वेगळे लावतात, तेवढं आधीच विचारून घ्या.