स्वतःची प्रोग्रॅमिंग भाषा करायचीय: स्टॅक, तर्क की सेल?

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला स्वतःची भाषा बनवायची, आणि तीही पायथॉनचे कीवर्ड मराठीत करून नव्हे तर विचाराची पद्धतच बदलून, असं ठरलं असेल तर तीन वाटा दिसतात: फोर्थसारखी स्टॅकची, प्रोलॉगसारखी तर्काची आणि स्प्रेडशीटसारखी सेलची. कुठली लवकर बनेल हे सगळेच बघतात. मी म्हणेन, वापरणाऱ्याची चूक झाली की तुमची भाषा त्याला काय सांगू शकेल, हे आधी बघा.

स्टॅकपासून सुरुवात करू, कारण एकट्याने सहा महिन्यांत तडीस जाईल अशी हीच. स्टॅक म्हणजे आकड्यांची चळत: आकडा आला की वर ठेवायचा, क्रिया आली की वरचे दोन उचलून उत्तर परत ठेवायचं. चार्ल्स मूर यांची फोर्थ १९७० च्या सुमारास रेडिओ दुर्बिणीच्या कामात उभी राहिली, तेही अगदी तुटपुंज्या मेमरीच्या संगणकांवर. लातूरच्या मोंढ्यातली सोयाबीनची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, तिच्या धर्तीवर अशी होईल:

१२ ४५०० गुणिले ३०० वजा

बारा क्विंटल, भाव साडेचार हजार, त्यातून हमाली-तोलाईचे तीनशे गेले, हातात ५३७००. क्रिया शेवटी येते, ते मराठी कानाला खटकतही नाही. शब्द फक्त स्पेसने तुटतात, त्यामुळे पार्सर, म्हणजे लिहिलेल्याची रचना ओळखणारा भाग, जवळपास लागतच नाही. देवनागरीत हा फायदा मोठा आहे. पायथॉनच्या रेगेक्समध्ये (मजकुरात नमुने शोधायची सोय) 'शब्दातलं अक्षर' धरणारा जो नेहमीचा पॅटर्न आहे, त्यात काना-मात्रा बसत नाहीत. 'भाव'चे 'भ' आणि 'व' असे दोन तुकडे पडतात. व्हायव्याच्या आदल्या रात्री हे कळण्यात मजा नाही.

पण तेच तीनशे कुणी आधी लिहिले, '३०० १२ ४५०० गुणिले वजा', तर उत्तर उणे ५३७०० येतं. माल घालून शेतकरीच देणेकरी! भाषा मात्र गप्प, कारण तिच्या लेखी काहीच चुकलेलं नाही. स्टॅक रिकामा पडला तरच ती ओरडेल.

तर्काची वाट माझ्या सगळ्यात आवडीची, आणि फसवीही. अलें कोल्मरॉअर आणि मंडळींनी १९७२ च्या सुमारास मार्सेयला प्रोलॉग घडवली. इथे कृती सांगायची नाही, नातं सांगायचं:

प्रवाह(पैठण, गंगाखेड).
प्रवाह(गंगाखेड, नांदेड).
खाली(क, ख) :- प्रवाह(क, ख).
खाली(क, ख) :- प्रवाह(क, ग), खाली(ग, ख).

(क, ख, ग ही चलं, गावं ही ठरलेली नावं, आणि ':-' म्हणजे 'जर'. देवनागरीत कॅपिटल अक्षर नसल्याने हा फरक दाखवायची खूण तुम्हालाच ठरवावी लागेल.) आता पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सुटलं तर गोदावरीकाठी पुढे कोण, हे 'खाली(पैठण, ख)' असं विचारा, गंगाखेड आणि नांदेड मिळतात. उलट 'खाली(क, नांदेड)' विचारलं की त्याच चार ओळी नांदेडच्या वरची गावं सांगतात. पहिल्यांदा हे चालताना बघितलं की माणूस थोडा वेळ दुसरं काही करत नाही.

शेवटच्या नियमात 'खाली' आधी आणि 'प्रवाह' नंतर लिहा. अर्थ तोच, पण साधं प्रोलॉग उत्तरं देऊन झाल्यावर थांबायचं नाव घेत नाही, मेमरी भरेपर्यंत फिरत राहतं. आणि गावाचं नाव चुकीचं टाइप झालं तर नुसतं 'नाही' म्हणतं. पुरावा नाही म्हणून नाही की शुद्धलेखन चुकलं म्हणून नाही, ते काही कळत नाही. वेगळं काही करायचं असेल तर खरी जागा इथे आहे: 'नाही' का, ते सांगणारी छोटी तर्कभाषा. त्यासाठी पूर्ण प्रोलॉग बांधू नका. प्रोलॉगचंच आटोपशीर रूप असलेल्या डेटालॉगइतकीच ठेवा, म्हणजे हे न संपणारं फिरणंही टळतं.

सेलच्या वाटेवर थोडक्यात. १९७९ च्या व्हिसिकॅल्क या स्प्रेडशीटपासून लोकांना ती सवयीची आहे: भाव बदलला की पट्टी आपोआप बदलते. कोण कोणावर अवलंबून, एवढा आलेख सांभाळायचा. सेल फिरून स्वतःवरच अवलंबून असं चक्र सापडलं की नेमकं कुठल्या सेलपाशी अडलं तेही दाखवता येतं. चुका सांगण्यात ही सर्वांत सरस. अडचण अशी की परीक्षक 'हे एक्सेलच ना?' विचारणार, आणि त्याला पटेल असं उत्तर तयार ठेवावं लागणार.

एकटे असाल आणि हातात एकच सेमिस्टर असेल तर स्टॅक घ्या, पण प्रत्येक शब्द चालल्यावर स्टॅकवर काय उरलं ते दाखवायची सोय पहिल्या आठवड्यात करा. दोघं-तिघं असाल आणि गाईड वेळ देणारे असतील तर तर्क. मोंढ्यातला एखादा मुनीम रोज वापरून शिव्या द्यायला तयार असेल, तर मात्र बेधडक सेल.