तापणारी नळी आणि चोंदलेले नाक: सीपॅपच्या दोन जोडवस्तूंचा वर्षभराचा अनुभव

निफाडचा पारा उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते. नाशिकमधल्या आमच्या घरात मात्र गेल्या डिसेंबरात थंडीची वर्दी निराळ्याच मार्गाने मिळाली. पहाटे तीनच्या सुमारास सीपॅपच्या, म्हणजे झोपेत श्वास अडखळू नये म्हणून मास्कमधून दाबाखाली हवा देणाऱ्या यंत्राच्या, नळीतून हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येऊ लागली आणि पाठोपाठ गार पाण्याचे चार थेंब थेट नाकपुडीत उतरले. मास्क काढून नळी उलटी धरली तेव्हा चमचा-दोन चमचे पाणी फरशीवर सांडले. नाक मोकळे राहावे म्हणून यंत्राला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर जोडून घेतला होता आणि त्यानेच झोप मोडली होती. या ह्युमिडिफायरविषयी आणि त्यानंतर घेतलेल्या तापणाऱ्या नळीविषयी हा अभिप्राय आहे.

स्लीप स्टडीत, म्हणजे झोपेतला श्वास तपासणाऱ्या चाचणीत, माझा श्वास ताशी सरासरी ३४ वेळा अडखळत असल्याचे आढळले होते. ३० च्या वरचा आकडा तीव्र मानला जातो. सीपॅप लावल्यावर घोरणे पहिल्याच रात्री थांबले, परंतु आठवडाभरातच मध्यरात्रीनंतर नाक चोंदू लागले. आधी एक नाकपुडी, मग दुसरी, आणि अखेरीस तोंड उघडून श्वास. यंत्र बसवून देणाऱ्या मुलाला फोन केला, तर "काका, महिनाभरात सवय होईल," एवढेच उत्तर मिळाले. चोंदलेल्या नाकाची सवय कशी व्हावी, हे मला तेव्हा कळले नाही आणि अजूनही कळलेले नाही.

खरे कारण कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कागदावर चित्र काढून समजावले. एरवी आपण नाकाने श्वास घेतो आणि नाकानेच सोडतो, त्यामुळे आत जाताना हवेने घेतलेला ओलावा बाहेर पडताना काही अंशी परत मिळतो. सीपॅपची हवा दाबाखाली सतत येत असते (माझ्या बाबतीत ११ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका दाब आहे) आणि झोपेत तोंड उघडले की ती नाकातून शिरून तोंडावाटे निघून जाते. ओलावा परत मिळत नाही, नाकाचे अस्तर कोरडे पडते, त्यातल्या रक्तवाहिन्या फुगतात, वाट अरुंद होते, आणि नाक बंद झाले म्हणून तोंड आणखी उघडते. हे चक्र एकदा सुरू झाले की पहाटेपर्यंत थांबत नाही. आडवे झाल्यावर नाकातली सूज एरवीही थोडी वाढतेच आणि कुशीवर झोपलो तर खालच्या बाजूची नाकपुडी आधी चोंदते. यंत्र या स्वभावात कोरड्या वाऱ्याची भर घालते.

ह्युमिडिफायरची रचना अगदी साधी आहे. यंत्राला जोडलेल्या टाकीतले पाणी खालच्या तापत्या पट्टीने कोमट होते आणि हवा त्यावरून वाहत नळीत जाते. माझ्या यंत्रात ओलाव्याच्या १ ते ८ पायऱ्या आहेत. चौथ्या पायरीवर घसा कोरडा पडणे थांबले, परंतु नाक पहाटे चोंदतच राहिले. सहावीवर नाक मोकळे राहू लागले आणि नेमकी तेव्हाच थंडी पडली. ओली, ऊबदार हवा गार नळीतून जाताना थंड होते आणि तिच्यातली वाफ नळीच्या भिंतीवर पाणी होऊन साचते. गुडगुड आवाजाचे कारण तेच. मी नळी पांघरुणाखाली घेऊन पाहिली, जुन्या मफलरचे अस्तर शिवून तिच्यावर चढवले, यंत्र उशीच्या पातळीपेक्षा खाली ठेवले. मफलरचा थोडाफार उपयोग झाला, पण खोलीचे तापमान १५ अंशांखाली गेले की मफलरही हरला.

तापणाऱ्या नळीला साध्या नळीच्या जवळजवळ तिप्पट किंमत मोजावी लागली आणि तरीही या सगळ्या खर्चात तीच वस्तू मला सर्वांत सार्थ वाटते. तिच्या भिंतीत शेवटपर्यंत बारीक तार गुंडाळलेली असते आणि त्यामुळे टाकीतून निघालेली ऊब मास्कपर्यंत टिकते. नळीचे तापमान २७ अंशांवर आणि ओलावा पाचव्या पायरीवर ठेवल्यानंतर जानेवारीच्या थंडीतही नळीत पाणी साचले नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाच-सहा दिवसांत पहाटेचे नाक चोंदणे जवळजवळ थांबले, आणि यंत्राच्या नोंदीत हवेची गळतीही उतरलेली दिसली. म्हणजे तोंड उघडणे हे बव्हंशी चोंदलेल्या नाकामुळेच होत होते. त्याआधी हनुवटीला बांधायचा पट्टा विकत घेतला होता. तो चार रात्रींत कपाटात गेला, कारण बंद नाकावर तोंडही बांधून झोपणे हा निव्वळ जाच आहे. नाक-तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्कही वापरून पाहिला. ऐन सर्दीच्या दिवसांसाठी तो बरा, रोजच्यासाठी अवजड.

नळीचा ठरावीक आकडा मात्र सगळीकडे चालत नाही. जुलैमध्ये रत्नागिरीला आठ दिवस राहिलो, तेव्हा पाचवी पायरी ठेवून पहिल्याच रात्री मास्कच्या आत घाम फुटल्यासारखे झाले. तिथल्या पावसाळी हवेत मुळातच इतका ओलावा असतो, की पहिली-दुसरी पायरी पुरेशी ठरली.

टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घालावे, ही अट मी सुरुवातीला गांभीर्याने घेतली नाही. नळाचे पाणी वापरल्यावर तीन आठवड्यांत टाकीच्या तळाशी पांढरा थर धरला. आता औषधाच्या दुकानातून पाच लिटरचा कॅन आणतो. रात्रीला साधारण पाव लिटर पाणी लागते, म्हणजे कॅन वीसेक दिवस पुरतो. उरलेले पाणी सकाळी ओतून टाकून टाकी सौम्य साबणाने धुवावी लागते, आणि हे काम कंटाळवाणे आहे हे मान्य केले पाहिजे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी टाकीत निलगिरीचे दोन थेंब टाकण्याचा प्रेमळ सल्ला दिला होता. तो मुळीच ऐकू नये: असे तेल दाबाखालच्या हवेबरोबर रात्रभर फुप्फुसात जात राहते, आणि टाकीचे प्लॅस्टिकही खराब होते. ओव्याची पुरचुंडी तव्यावर शेकून झोपण्यापूर्वी हुंगायला काहीच हरकत नाही. ती मास्कच्या बाहेरच राहते.

या दोन वस्तूंनी जे साधत नाही तेही सांगितले पाहिजे. माझ्या नाकाचा पडदा किंचित वाकडा आहे आणि धुळीची ॲलर्जी आहे. यांपैकी कशावरही कोमट हवा हा इलाज नव्हे. डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइडचा फवारा मी पहिल्या चार दिवसांत निरुपयोगी ठरवून टाकला होता, कारण पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात हे मी नीट ऐकलेच नव्हते. तो उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत मारायचा असतो. त्यामुळे फवाऱ्याचे तोंड आपोआप पडद्यापासून दूर, बाहेरच्या भिंतीकडे राहते आणि नाकातून रक्त येण्याचा त्रास टळतो. याउलट झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच मिनिटांत नाक मोकळे करतात आणि तिथेच माणूस फसतो. ते सलग तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले, तर त्यांचा असर ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते. मी ते तीन आठवडे वापरले होते आणि ते सोडवताना जे झाले, त्यापुढे मूळ दुखणे सौम्य म्हणावे लागेल.

जलनेतीचा, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचा, फायदा मात्र निःसंशय झाला. पाव लिटर कोमट पाण्यात अर्ध्या चमच्यापेक्षा थोडे कमी मीठ घालायचे, आणि पाणी उकळून निववलेलेच घ्यायचे. ही सोवळ्याची बाब नव्हे: न उकळलेल्या पाण्यातला अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचल्याची प्राणघातक उदाहरणे आहेत. नेती झोपण्यापूर्वी किमान तासभर आधी उरकावी. मास्क लावायच्या ऐन वेळी केली, तर नाकाभोवतीच्या पोकळ्यांत अडकलेले पाणी कूस बदलताच मास्कमध्ये ठिबकते आणि डिसेंबरातल्या त्या पहाटेची आठवण येते.

तापणाऱ्या नळीविषयी माझ्या दोन तक्रारी आहेत. तिचे जोडतोंड प्रत्येक यंत्रागणिक वेगळे असते आणि विक्रेत्याने विचारल्याशिवाय ते सांगितले नाही. पहिली मागवलेली नळी यंत्राला बसलीच नाही आणि पाकीट फोडले म्हणून ती परतही घेतली गेली नाही. मागवण्यापूर्वी यंत्राच्या मागच्या बाजूचा मॉडेल क्रमांक पाठवून खात्री करून घ्यावी. दुसरी तक्रार वजनाची: तारेमुळे ही नळी ताठ आणि जड होते, कूस बदलताना मास्क ओढते आणि हवा डोळ्यांकडे फुटते. मी पलंगाच्या डोक्याशी पडद्याचा हूक लावून नळी त्यावरून घेतली, तेव्हा हा त्रास थांबला.

वर्षाच्या आत नळीला यंत्राच्या तोंडाशी केसाएवढी चीर गेली असून गेल्या आठवड्यापासून तिथून बारीक शिट्टी वाजते. दुसरी नळी दिवाळीपूर्वी हाताशी असावी म्हणून मागवली आहे, या वेळी मॉडेल क्रमांकाचा फोटो पाठवून.